१९९१ ची एमएक्स-५, जुना टी-२५ टर्बो आणि स्वयंपाकघरातला लॅपटॉप: प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, कॉव्हेंट्री

गाडी: माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९१. इंजिन बी६झेडई, १५९७ सीसी, बोअर ७८ मिमी, स्ट्रोक ८३.६ मिमी, कॉम्प्रेशन ९.४. मुळात सुमारे ११५ अश्वशक्ती. आता तिच्यावर गॅरेटचा जुना टी-२५ टर्बो, समोर छोटा इंटरकूलर आणि मिनिटाला ४४० सीसी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आहेत. पाना-पक्कड घेऊन करायचं काम डिसेंबरात संपलं. उरलंय ते ट्यूनिंग, आणि ते मला स्वतः करायचंय. दुसऱ्याकडून मॅप (पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांचे तक्ते) भरून आणला तर गाडी पळेल, पण ती तशी का पळते ते मला कधीच कळणार नाही.

सगळ्यात आधी क्रँकची (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली पाहिली. या १.६ इंजिनाच्या सुरुवातीच्या क्रँकचं पुढचं नाक आखूड होतं. तिथली चावी (पुली जागेवर धरणारी धातूची पट्टी) सैल झाली की पुली डगमगते, टायमिंग हलतं आणि शेवटी क्रँक वाया जाते. १९९१ च्या मध्यात लांब नाकाची क्रँक आली. ओळखायची खूण सोपी: पुलीच्या मधल्या भागात चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. गाडी नेमकी त्याच वर्षाची, म्हणून आरसा आणि टॉर्च घेऊन खाली झोपलो. चिखल पुसला, मोजलं. आठ. पुन्हा मोजलं, आठच. इथे चार निघाल्या असत्या तर या प्रकल्पाला मी हातच लावला नसता.

बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) मर्यादा आजच ठरवून ठेवतो: ८ पीएसआय, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) एकूण साधारण १५५ किलोपास्कल. पिस्टनला जोडलेले आतले रॉड मूळचेच आहेत, म्हणून.

२३ फेब्रुवारी

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, मेगास्क्वर्ट-३. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकन इंजिनियरांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट सुरू केलं, ते घरी बसून सोल्डरिंगचा डाग देता यावा म्हणूनच. मीही किटच घेतलं. तीन रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेले. बायकोने टेबलावर जुनी चादर अंथरून दिली आणि कढीपत्त्याच्या वासात रोझिनचा वास मिसळला.

वायरिंगबद्दल दोनच गोष्टी लिहून ठेवतो. एक, मूळचा झडपेचा एअरफ्लो मीटर काढला. तो हवेची वाट अडवतो, आणि झडप एकदा पूर्ण उघडली की पुढे किती हवा गेली ते त्याला सांगता येत नाही. त्याच्या जागी आता मॅप सेन्सर (एमएपी, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा): दाब आणि तापमान मोजायचं, त्यावरून हवा काढायची. दोन, १.६ चा मूळ टीपीएस (थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणारा सेन्सर) नुसता स्विच आहे. पॅडल सुटलंय की पूर्ण दाबलंय एवढंच तो सांगतो. मधलं काही कळायचं तर व्हेरिएबल टीपीएस हवा, तो बसवला.

हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर आहे. त्याची ओ-रिंग चौतीस वर्षांत दगडासारखी झाली होती आणि ऑइल गिअरबॉक्सवर ओघळत होतं. सेन्सर हातात होताच, रिंग बदलून टाकली.

२ मार्च

आज गाडीला हात लावला नाही. वहीत गणित केलं, कारण सॉफ्टवेअरने दिलेला आकडा आपल्याला हाताने काढता आला पाहिजे.

एका सिलिंडरमध्ये ३९९ सीसी हवा. १०० किलोपास्कल आणि साधारण २१ अंशांना ती सुमारे ०.४८ ग्रॅम भरते. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, म्हणून १४.७ ने भागलं की पेट्रोल ०.०३२६ ग्रॅम. ४४० सीसीचा इंजेक्टर सेकंदाला साधारण ५.४ ग्रॅम टाकतो. म्हणजे तो ६ मिलिसेकंद उघडा हवा. ईसीयूच्या टेबलातले (तक्त्यातले) बाकीचे सगळे आकडे या ६ वर चढवलेली टक्केवारी.

आता टोकाची परिस्थिती. १५५ किलोपास्कल, व्हीई (सिलिंडर हवेने प्रत्यक्षात किती भरतो ते) ९५ टक्के, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८०, आत जाणारी हवा ४५ अंश: १०.२ मिलिसेकंद. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ धरून ११.२. ७,००० आरपीएमला दोन फेरे १७.१ मिलिसेकंदांत होतात, म्हणजे ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण) ६५ टक्के. इंजेक्टर पुरतात. रात्री झोप चांगली लागली.

९ मार्च

पहिल्यांदा सुरू झाली! तिसऱ्या प्रयत्नाला. धूर, थरथर, आणि मग ११०० वर स्थिर.

सुरू झाल्याच्या आनंदात टायमिंग लाइट विसरायची नाही असं स्वतःला बजावून ठेवलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) १० अंशांवर लॉक केलं आणि पुलीवर लाइट मारला. खूण १४ वर होती. म्हणजे लॅपटॉप १० म्हणतोय आणि ठिणगी १४ ला पडतेय. बूस्टमध्ये असे चार अंश चोरून जास्त पडले तर पिस्टन जातात. ट्रिगरचा ऑफसेट (सेन्सरचा इशारा आणि क्रँकचा खरा कोन यांतला फरक) सुधारला, खूण १० वर आली. मग ४,००० आरपीएमला धरून पाहिलं तर ती ८ वर सरकली. इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा हा उशीर. ४,००० ला दोन अंश म्हणजे सुमारे ८० मायक्रोसेकंद. तो भरल्यावर खूण हजारापासून चार हजारांपर्यंत जागची हलली नाही.

हे केल्याशिवाय इग्निशन टेबलातल्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. ज्याला कुणाला हे काम घरी करायचंय त्याने ही पायरी गाळू नये, मग बाकी काहीही गाळा.

१६ मार्च

वाइडबँड सेन्सर (धुरावरून लॅम्डा मोजणारा) टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये तिरका बसवलाय. आडवा बसवला तर पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि ते तडकतं.

गेजवर १४.७, लॅपटॉपवर १५.१. दोन्हीकडे एकच सेन्सर. या कंट्रोलरचे ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० एएफआर (हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण), तेव्हा ०.४ चा फरक म्हणजे ०.२ व्होल्ट. मल्टिमीटर लावला आणि ते ०.२ व्होल्ट सापडले अर्थिंगमध्ये. सेन्सरच्या हीटरचा करंट आणि सिग्नलचा अर्थ एकाच बारीक वायरने जात होते. हीटरचा अर्थ थेट ब्लॉकला दिला, सिग्नलचा ईसीयूच्या सेन्सर-अर्थला. आकडे जुळले.

आजपासून एएफआर सोडून लॅम्डात लिहिणार. शुद्ध पेट्रोलला १४.७ बरोबर, पण इथल्या ई१० ला (१० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) ते १४.१ च्या आसपास येतं आणि आपल्याकडच्या ई२० ला साधारण १३.५. लॅम्डा १ म्हणजे कुठल्याही पंपावर १ च. मी या गाडीत ९९ ऑक्टेनचं ई५ च भरतो.

३० मार्च

बायको गाडी चालवते, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. एकट्याने दोन्ही करायचं नाही, हा घरातला नियम आहे आणि तो तिने केलाय.

व्हीई टेबल १६ बाय १६, म्हणजे २५६ घरं. रोजच्या चालवण्यात त्यातली साठ-सत्तर लागतात. टर्बोवाले सगळे वरच्या उजव्या कोपऱ्याबद्दल बोलतात, पण गाडी जगते डाव्या-मधल्या भागात: ३० ते ७० किलोपास्कल, १,५०० ते ३,५००. तिथे चार टक्के चूक असेल तर गाडी गिअरमध्ये हिसके देते आणि कितीही अश्वशक्ती असली तरी तिच्यात बसावंसं वाटत नाही.

टेबल बदलण्याचं काम ऑटोट्यूनवर सोडलं. तो लॅम्डा पाहतो, टार्गेटशी ताडतो आणि घरातला आकडा सरकवतो. पन्नास मैलांत टेबलाला डोंगरासारखा छान आकार आला. संध्याकाळी गाडी अशी चालत होती की आम्ही गरज नसताना वॉरिकपर्यंत जाऊन आलो.

५ एप्रिल

कोल्ड स्टार्ट. इंजिन गार असण्याची संधी दिवसातून एकदाच मिळते, त्यामुळे रोज ऑफिसला जायच्या आधी एक प्रयत्न, एक बदल, वहीत एक ओळ. आज ४ अंशांना पहिल्या झटक्यात सुरू.

१३ एप्रिल

काहीतरी बिनसलंय.

सकाळी गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. आयडलला (जागेवर नुसती चालू असताना) लॅम्डा ०.९०, प्लगच्या टोकाला काजळी. दुपारी पंपावर पेट्रोल भरून निघालो तर लीन (पेट्रोल कमी), पहिल्या सिग्नलला बंदच पडायला आली. ऑटोट्यूनने पेट्रोल वाढवलं, ती सुधारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रिच. त्याने कमी केलं. संध्याकाळी दुकानातून निघताना पुन्हा लीन.

दोन आठवड्यांच्या टेबलांच्या फायली एकावर एक ठेवून पाहिल्या. आयडलच्या आसपासची सहा घरं ४१ ते ४८ मध्ये सारखी वर-खाली होतायत. इंजिनाची श्वास घेण्याची क्षमता दिवसातून दोनदा बदलत नाही. काहीतरी दुसरंच बदलतंय.

फ्यूल पंप, इंजेक्टरचे ओ-रिंग, व्हॅक्यूम गळती सगळं तपासलं. ब्रेक क्लीनर सांध्यांवर मारून पाहिलं, आयडल ढिम्म. रात्री बाबांना फोन केला. बाबांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात रिबोअरिंगचं वर्कशॉप होतं, चाळीस वर्षं पंपसेट आणि ट्रॅक्टरची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. ईसीयू त्यांनी कधी उघडला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांबून निघाल्यावरच करतीय न्हवं? मग थांबल्यावर काय तापतंय ते बघ की आधी."

२० एप्रिल, ईस्टर रविवार

बाबांचा प्रश्न घेऊन बसलो.

गाडी पूर्ण गरम केली, लॉगिंग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) चालू ठेवलं, पंपावर नेली, ११ मिनिटं बंद ठेवली. सुरू करून निघालो. घरी येऊन लॉग उघडला आणि या वेळी लॅम्डाच्या रेषेखाली इनटेक हवेच्या तापमानाची रेषा लावली.

थांबण्याआधी हवा २९ अंश. सुरू करताना ६८. बाहेर १४ अंश असताना. निघाल्यावर हळूहळू उतरत ती ३१ वर यायला चार मिनिटं लागली. आणि लॅम्डा बरोबर तिच्याच सावलीतून चालला होता: ६८ ला १.१४, ५० ला १.०८, ३१ ला १.००.

हा सेन्सर मीच मॅनिफोल्डच्या पोटात बसवला होता, कारण तिथे आयती आटे पाडलेली जागा होती. पितळेचा, बंद तोंडाचा. इंजिन बंद झाल्यावर मॅनिफोल्ड तापतं, सेन्सरचं पितळ तापतं आणि तो प्रामाणिकपणे आपलंच तापमान सांगतो. ईसीयू ते हवेचं धरतो. तापलेली हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी करतो. पण आत येणारी हवा तर २५ अंशांचीच आहे! केल्विनमध्ये २९८ भागिले ३४१ म्हणजे ०.८७४. पेट्रोल साडेबारा टक्के कमी पडणार, लॅम्डा १.१४ येणार. वहीत हा भागाकार केला आणि लॉगमधला आकडा समोर होता, १.१४. पेन खाली ठेवला आणि जरा वेळ नुसता त्या दोन आकड्यांकडे पाहत बसलो. गणित आणि लोखंड इतकं तंतोतंत जुळलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आता मागचं सगळं उलगडलं. गरम थांब्यानंतर ऑटोट्यून सेन्सरची चूक व्हीई टेबलात भरत होता. सकाळी सेन्सर खरं सांगत होता, तेव्हा ते भरलेलं जास्तीचं पेट्रोल उघडं पडत होतं. टेबल बिचारं दोघांच्या मध्ये मार खात होतं. बाबांना फोन करून सांगितलं. ते खूश झाले, पण त्यांचा पुढचा प्रश्न "जेवलास का" हाच होता.

२७ एप्रिल

पितळी सेन्सर काढला, भोक प्लगने बंद केलं. उघड्या तोंडाचा, प्लास्टिकच्या अंगाचा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या थंड पाइपात, थ्रॉटलच्या बराच अलीकडे. व्हीई टेबल ३० मार्चच्या फायलीवर परत नेलं. ऑटोट्यूनला दोन अटी घातल्या: कूलंट ८० च्या वर गेल्याशिवाय आणि हवेचं तापमान ४० च्या खाली असल्याशिवाय काहीही शिकायचं नाही.

तोच पंप, तीच ११ मिनिटं. सुरू करताना ३८, चाळीस सेकंदांत २२. लॅम्डा ०.९९ ते १.०३. इतकं मला चालेल.

१० मे

इग्निशन. पेट्रोलची चूक झाली तर लॅम्डा दाखवतो, परत फिरता येतं. टायमिंगची चूक आवाजाने (मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्याने, म्हणजे नॉकिंगने) कळते, आणि ऐकायला उशीर झाला तर परत फिरता येत नाही. म्हणून बूस्टमध्ये मुद्दाम मागे धरलंय: ४,००० आरपीएम, १५५ किलोपास्कलला फक्त ११ अंश. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारे), एनजीकेचे बीकेआर७ई, गॅप ०.७ मिमी.

ब्लॉकवर, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधोमध, बॉशचा नॉक सेन्सर बोल्टने घट्ट बसवला. तिथून छोटा ॲम्प्लिफायर, तिथून हेडफोन. नॉकिंगचा सूर बोअरवर ठरतो. ७८ मिमीला तो सुमारे ७ किलोहर्ट्झला येतो. फिल्टर तिथेच लावला.

ट्रॅक डेला गेलो. बायको चालवत होती, मी डोळे मिटून ऐकत होतो. आधी नुसतं ओळखायला शिकलो: व्हॉल्व्हची सारखी टिकटिक, इंजेक्टरची बारीक टकटक, गिअर बदलताना होणारी घरघर. दुपारी १३ अंश केले, काही नाही. १५, काही नाही. तापलेल्या इंजिनावर, लांब सरळ पट्ट्यावर १८ करून पाहिलं आणि ४,२०० च्या आसपास सुपात हरभरे पाखडल्यासारखा आवाज आला. अर्धा सेकंद. "सोड!" मी ओरडलो आणि तिने त्या क्षणी पाय उचलला. टेबल १४ वर आणलं आणि दिवसभर पुढे नेलं नाही.

संध्याकाळी चारही प्लग काढून भिंगाखाली पाहिले. पोर्सेलिन स्वच्छ, कुठे ॲल्युमिनियमचे ठिपके नाहीत. बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "डिझेलचं खटखटणं म्हंजे त्याचं बोलणं असतंय. पेट्रोलनं तसं बोलू नये."

२४ मे

अर्ध्या दिवसासाठी रोलिंग रोड (गाडी रोलरवर जागच्या जागी चालवून ताकद मोजायचं यंत्र) भाड्याने घेतला. घरी सगळं करायचं म्हटलं तरी हे एक काम रस्त्यावर होत नाही: आरपीएम आणि लोड एका जागी धरून ठेवायचा आणि फक्त टायमिंग हलवायचं.

४,००० ला: ११ अंशांवरून १३ ला टॉर्क ११ न्यूटन-मीटरने वाढला. १५ ला आणखी ६. १७ ला जेमतेम २, आणि हेडफोनमध्ये कुजबुज सुरू. म्हणजे १५ नंतर मिळणारं फार थोडं आणि जाऊ शकणारं फार मोठं. १४.५ वर थांबलो. हाच खेळ प्रत्येक ५०० आरपीएमला. वर ६,५०० ला इंजिनाला जास्त टायमिंग आवडलं, १९.

चाकांवर १६१ अश्वशक्ती, टॉर्क २०५ न्यूटन-मीटर. ऑपरेटर म्हणाला बूस्ट वाढवूया, अजून वीस सहज निघतील. निघतील, पण आठ पीएसआय मी फेब्रुवारीत ठरवलंय.

७ जून

एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी, झाली. १ ऑगस्ट १९८६ ते ३१ जुलै १९९२ मधल्या गाडीला आयडलला सीओ ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो, हायड्रोकार्बन १,२०० पीपीएमपर्यंत. सक्ती नसताना मी कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बसवलाय. निघालं सीओ ०.४ आणि १४० पीपीएम. टर्बो, ईसीयू, इंजेक्टर सगळं विमा कंपनीला आधीच लेखी कळवलंय. हप्ता वाढला, तरी लपवून चालवण्यात अर्थ नाही. पुण्याच्या मित्राने हेच किट मागवायचं का विचारलं. त्याला म्हटलं, आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल तिथे चालत नाहीत. रस्त्यासाठी नको, फक्त ट्रॅकची गाडी करणार असशील तर बोलू.

२१ जून

आई-बाबा सोमवारी आले. आज सकाळी बाबांना गॅरेजमध्ये नेलं. लॅपटॉपवर टेबल दाखवलं, रंगीत डोंगर फिरवून दाखवला, २० एप्रिलचा लॉग दाखवला. त्यांनी ६८ च्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग म्हणाले, "चालू कर."

गाडी चालू केली. त्यांनी भिंतीवरचा सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ कानाला लावली आणि टोक व्हॉल्व्ह कव्हरवर एक-एक बोल्ट करत फिरवत गेले. मी हेडफोन घालून शेजारी उभा. ते तीन नंबरच्या इथे थांबले, एक्झॉस्टच्या बाजूला. परत मागे गेले, परत तिथेच आले. मला मूठ दिली. लावून ऐकलं: बाकीच्यांच्या मागे एक बारीक, कोरडी टिक. माझ्या फिल्टरमधून ती कधीच आली नसती, कारण ती ७ किलोहर्ट्झची नाहीच.

"ह्याला ऑइल पोचंना," बाबा म्हणाले.

हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, व्हॉल्व्ह ढकलणारा भाग. ऑइल बदलून सहा महिने झालेत, त्यात टर्बोची उष्णता. उद्या ऑइल आणि फिल्टर बदलायचा आहे. बाबा म्हणतात जुनं ऑइल फेकू नको, बोटावर घेऊन बघायचंय.